निवृत्तीमामांची रांग

शनिवार, १६ नोव्हेंबर. सोमवारी रंगारी येणार, म्हणून सकाळपासून माळा रिकामा करते आहे. फुटके डबे, बिनझाकणाचा कुकर, मुलाची प्रगतिपुस्तकं, माझ्या नर्सिंगच्या ट्रेनिंगच्या दोन वह्या. ठेवायचं ते डाव्या पोत्यात, फेकायचं ते उजव्या. कुठल्याही वस्तूपाशी मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं नाही, असं ठरवलं होतं. अकरापर्यंत काम छान चाललं. मग सुया उकळायचा जुना स्टीलचा डबा हाती लागला. आत काय आहे ते उघडायच्या आधीच माहीत होतं.

दाढीचा ब्रश. सागाची बोटभर मूठ, मधोमध चिरलेली. केसांना कसर लागलेली. झाकण काढलं तसे पाचदहा केस तळाशी गळले. मी तो उजव्या पोत्यात टाकला आणि चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत ब्रश काढून ओट्यावर आणला. दुपारी परत पोत्यात. चार वाजता परत ओट्यावर. एवढ्याशा वस्तूचं काय करायचं हे ठरवायला मला इतका वेळ लागत नाही. वॉर्डात जन्म काढलेल्या बाईला लागूही नये.

त्यात सुजाताचा फोन आला. आमचं गाव आसेगावपासून चार किलोमीटर आत. तिथल्या विहारातलं वाचनालय ही मुलगी चालवते. वस्तीतल्या जुन्या माणसांच्या वस्तू ठेवायला तिनं काचेचं कपाट करून घेतलं आहे.

"बेबीताई, भेटला का ब्रश? उद्या वंदना झाली की कपाट उघडून राह्यलो आमी. निवृत्तीमामाचं घमेलं हाये, बाबूकाकाचा चष्मा हाये. ब्रश पाह्यजेच."

"भेटला. पण केस गेले त्याचे."

"मंग नवे लावून आना ना. वाशीमात काय भेटत नाही? आन् दोन वळी लिहून द्या. कधी सुरू केलं, कधी बंद झालं, काहून बंद झालं. कार्डावर टाकतो."

"बघते," म्हणून फोन ठेवला.

काहून बंद झालं, हे सांगू शकेल असं माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही. गावाला वाटतं ते कारण खरं नाही. निवृत्तीमामांना वाटत होतं तेही खरं नाही.

निवृत्तीमामा माझे सख्खे मामा नव्हेत. समोरच्या घरातले. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. बांधकाम खात्यात मैलकुली होते. म्हणजे रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या ताब्यात. खड्डे भरायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. तीन दगडांमधला तो रस्ता त्यांचा होता, आणि खातं विसरलं तरी ते विसरत नसत. लग्नाच्या वरातीत सगळे नाचत असले तरी मामा मधेच वाकून एखादा गोटा उचलून कडेला टाकणार. कोणी हसलं तर म्हणायचे, "तुया पायाले लागला असता तं रडला असता."

उंच, काटकुळे, मिशी नाही. रोज सकाळी दाढी. "रस्ता आन् दाढी," असं त्यांचं म्हणणं, "दोन दिस पाह्यलं नाही की हातची गेली."

रविवारी ते स्वतःच्या दाढीनंतर वस्तीची दाढी करत. व्यवसाय नव्हता तो. माझ्या आजोबांच्या काळात गावातला न्हावी आमच्या लोकांना हात लावत नसे. लावला असता तर बाकीच्या गावानं त्याचं दुकान चालू दिलं नसतं. दीक्षा घेतली, घरातले जुने देव गेले, पोरं शाळेत गेली, पण दाढीसाठी मंगरूळपीर गाठावं लागायचं. तेव्हा विशीतल्या मामांनी एक वस्तरा आणि एक ब्रश विकत आणला. आधी स्वतःचा गाल कापून घेतला, मग वडिलांचा. मग हात बसला. पुढे बसस्टँडवर सलून झालं, तिथं कोणी कोणाला अडवत नव्हतं, तरी रविवारची रांग काही मोडली नाही.

त्याला कारण त्यांचा नियम. वस्तरा फक्त मामांच्या हातात. ब्रश मात्र त्यांनी कधी चालवला नाही. ज्याची दाढी झाली त्यानं उठून पुढच्याच्या तोंडाला फेस लावायचा, मगच घरी जायचं. "वस्तरा एकाचा, ब्रश सगळ्याचा." भावकीत भांडण असो, बोलाचाली बंद असो, रांगेत जो पुढे आला त्याचे गाल हातात घ्यावेच लागत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन वर्षं न बोललेले दोन भाऊ मी असे पाहिले आहेत. धाकट्यानं मोठ्याच्या डोळ्यांत फेस घातला. मोठा ओरडला, "आंधळा करतं काय बे मले?" दोन वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

बोलायची मुभा ब्रशाच्या वेळेपुरती. वस्तरा लागला की मामा म्हणत, "आता मुंडी दगडाची." मग सरपंच असो की साला, चूप.

आम्हा मुलींचं काम गरम पाणी आणून देण्याचं. पाणी कोमट निघालं तर मामा बोट बुडवून तांब्या परत द्यायचे, रागावत नसत. "बेबी, हे आंघोयीचं झालं. दाढीचं आन."

ब्रशाची मूठ त्यांनी स्वतः कोरलेली, आणि केस घोड्याचे. त्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मूळचा ब्रश दुकानातला होता. सायकली दुरुस्त करणारे हनीफचाचा एकदा रांगेत बसले. मामांचे जिगरी दोस्त. फेस लावायची वेळ आली तसं त्यांनी विचारलं, "निवृत्ती, ये बाल काहे के हैं रे?"

"कोन जाने. बकरीचे असतीन."

"असतीन नाही. पक्का बोल."

मामांना पक्कं माहीत नव्हतं. त्यांनी ब्रश खाली ठेवायला लावला आणि त्या रविवारी हनीफचाचा तसेच परत गेले. पुढच्या बाजाराला मामा वाशीमला गेले, जिथून ब्रश घेतला त्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, डुकराचे. न सांगता चाललं असतं. बकरीचे म्हणाले असते तर कोणी तपासायला जात नव्हतं. मामांनी गावात येऊन आधी हनीफचाचांना सांगितलं, मग रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना. मग वरातीची घोडी पाळणाऱ्या माणसाकडून शेपटीचे केस मागून आणले. दोन दिवस पाण्यात भिजवले, साबणात उकळले, तरी ते राठच. पहिल्या रविवारी लोक ओरडले, "मामा, तोंड घासून राह्यले का भांडे?" महिनाभरानं ते नरम पडले. म्हणजे केस नरम पडले की आमच्या लोकांचे गाल निबर झाले, ते सांगता येत नाही. हनीफचाचा मात्र नंतर दर रविवारी येत, आणि पुढच्याला फेस लावताना कानाच्या मागेसुद्धा लावत.

मामा चुकत नसत असं नाही. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, दिलीप, एका रविवारी धावत आला. मुलगी पाहायला जायचं, सलून बंद, दहाची बस. मामांनी बसवलं. कोणीतरी फेस लावला, मामांनी उजवा गाल साफ केला आणि वस्तरा पुसत म्हणाले, "आता तू मांगच्याले फेस लाव, मंग डावा करतो."

मागे आमचा चुलतकाका बसलेला. दिलीपनं त्याच्याकडे पाहिलं, ब्रशाकडे पाहिलं, आणि तोंडावरचा फेस गमच्यानं पुसून तसाच निघून गेला. अर्धी दाढी घेऊन. मुलीच्या घरी तो दाढ दुखते म्हणून गालाला रुमाल धरून बसला आणि तिच्या वडलांनी त्याला लवंग दिली, असं नंतर गावभर झालं. रांग हसून लोटपोट. मामा हसले नाहीत.

"मायी चूक झाली," ते म्हणाले. "नियम आधी सांगाव लागते. अर्ध्यात आनून सांगनं म्हंजे फसवनं झालं."

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गाठून त्यांनी दिलीपला तेच सांगितलं. वर म्हणाले, "डावी बाजू बाकी हाये, केवाही येजो." तो आला नाही. पण त्या दिवसापासून नवीन माणूस बसला की मामा वस्तरा उघडायच्या आधी नियम सांगायचे. स्वतःची चूक इतक्या सरळ तोंडानं बोलून दाखवणारा माणूस मी पुढे फारसा पाहिला नाही. माझं तर सोडाच.

मी ट्रेनिंग संपवून आमच्याच भागातल्या उपकेंद्रावर लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि जे शिकले ते उद्याच्या उद्या गावाला शिकवायची घाई. रक्तातून काय काय पसरतं, एकाचं पातं दुसऱ्याला कसं चालत नाही, ते सगळं तोंडपाठ. त्या पावसाळ्यात रांगेतल्या बाबूकाकांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. मी त्यांना तपासलं, आणि कुठलीही चाचणी न करता संध्याकाळी समोरच्या घरी गेले. मामा ओट्यावर घमेल्याची कडी ठोकत होते.

"मामा, बाबूकाकांले कावीळ तुमच्या वस्तऱ्यानं झाली."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "मायानं?"

"एकाचं रक्त दुसऱ्याले लागते. पुस्तकात आहे. हे चालू राहिलं तर आणखी लोक पडतील. मरतीलही."

मी हे वाक्य बोलले. आजही ते जसंच्या तसं आठवतं, आणि आवाजही आठवतो: परीक्षेत उत्तर येणाऱ्या मुलीचा.

मामांनी वाद घातला नाही. आत गेले, ब्रश आणला, माझ्या हातात दिला. "तू शिकेल हायेस. घेऊन जाय. माया घरात नको." वस्तरा त्यांनी नंतर कुठं टाकला मला माहीत नाही. पुढच्या रविवारी माणसं जमली तर म्हणाले, "माया हात कापून राह्यला. आता बंद." माझं नाव घेतलं नाही. लोकांना ते खरं वाटलं. उंच फांदीवरची निंबोळी गोट्यानं पाडणारा माणूस, त्याचा हात थरथरतो म्हणे.

आणि मग दोन आठवड्यांत बाया काविळीनं पडल्या. मग लहान पोरं. माझी आई पडली. बायांना आणि पोरांना दाढी नसते. ट्रेनिंगच्या त्याच वहीत, दुसऱ्याच पानावर, पाण्यातून होणारी कावीळ लिहिलेली होती. विहिरीच्या पाण्याची बाटली मी तपासायला पाठवली, पाणी पिण्यालायक नाही असा कागद आला. बाबूकाका याच विहिरीचं पाणी पीत. सगळी वस्तीच पीत होती.

ब्लिचिंग पावडर टाकायला मी विहिरीवर गेले तेव्हा मामा तिथं होते. पावडर कालवायला बादलीभर पाणी त्यांनीच शेंदून दिलं. मी किती पावडर, किती पाणी हे मोठ्यानं सांगत राहिले. ते ऐकत होते. मला बोलायची ती वेळ होती. "मामा, बाबूकाकांची कावीळ इथून आली, तुमच्या हातून नाही." एवढंच. मी बोलले नाही. स्वतःला सांगितलं, वस्तरा तसाही बंद व्हायलाच हवा होता. हे खरंच होतं. एक वस्तरा वीस माणसांना, हे मी आजही चालू देणार नाही. पण दर माणसानं आपलं पातं आपण आणायचं, पातं बदलता येणारा वस्तरा वापरायचा, एवढं सांगून भागलं असतं. तसा वस्तरा सलूनमध्ये होता. रांग राहिली असती, ब्रशही उकळून वापरता आला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. हे सांगायचं तर आधीचं चुकलं हे सांगावं लागलं असतं, आणि नव्या सिस्टरचं पहिल्याच वर्षी चुकलं असं गावात व्हायला मला नको होतं.

त्यांना विहिरीवर कळलं असेल का? मी स्वतःची समजूत घालत आले की कळलं असेल. शहाणा माणूस होता, दोन आणि दोन जोडले असतील.

पण महिनाभर ते बाबूकाकांच्या घरी रोज उसाचा रस घेऊन जात होते. पायरीवर ठेवायचे आणि बाहेरूनच हाक मारायचे. बाबूकाका बरे झाले, पुढे वीस वर्षं जगले. मामा त्यांच्या शेजारी बसले तरी हातभर अंतर ठेवून.

तीन वर्षांपूर्वी मामांना छातीच्या त्रासानं वाशीमला आणलं. मी होते त्याच दवाखान्यात. वॉर्डात गेले तर ऑक्सिजनचा मास्क एका बाजूला सरकलेला, गालांवर चार दिवसांची पांढरी दाढी. इतकी दाढी वाढलेले मामा मी जन्मात पाहिले नव्हते. मास्क नीट करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरून बाजूला केलं.

"राहू दे बेबी. तोंडाले हात नको लावू. तुले काही लागन."

मी हातमोजे घातले, मास्क बसवला, सलाइनचा वेग पाहिला, चार्टवर सही केली. बाजूच्या खाटेवरचा पेशंट हाक मारत होता, तिकडे गेले. परत आले तेव्हा ते झोपले होते, डोकं भिंतीकडे, हात चादरीच्या आत. पहाटे मामा वारले. माझी ड्यूटी संपली होती.

तर हा ब्रश. संध्याकाळी मी मोबाईलवर ब्रशाला केस कसे बांधतात याचा व्हिडिओ पाहिला. अवघड नाही. मूठ चिकटवायची, जुनं गाठोडं उकरून काढायचं, नवं बसवायचं. तासाचं काम, आणि माझा हात चांगला आहे. अर्धी मूठ चिकटवलीसुद्धा. मग थांबले. कपाटात नवा भरगच्च ब्रश, खाली कार्ड: हात थरथरू लागल्यानं बंद केलं. सुंदर दिसलं असतं. ते बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हाताऱ्यानं आपल्या मर्जीनं काम आटोपलं. फेकला तरी तेच. फेकलेल्या वस्तूला कार्ड लागत नाही.

चिकटवलेली मूठ वाळायच्या आत मी परत उघडली. गोंद बोटांना लागला, तो घासून काढत बसले. स्वयंपाक केला नाही. मुलानं पुण्याहून फोन केला, त्याला म्हटलं, कामात आहे. काम काहीच करत नव्हते.

रविवार, १७ नोव्हेंबर. सकाळी पहिल्या बसनं आसेगावला उतरले, तिथून ऑटो. आधी मामीकडे गेले. गोदामामी आता ऐंशीच्या आहेत, कान शाबूत. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर बोलले नसते.

मामीनं हातातली शेंग सोलून संपवली.

"काहून आता सांगून राह्यली?"

"सुजाता विचारते, काहून बंद झालं."

"तिनं इचारलं म्हनून." मामी सुपाकडे पाहत होत्या. "आमच्या संतोषचा पोरगा झाला तवा म्या म्हटलं, घ्या, नातू घ्या. त्याइनं घेतला, पन पाठीकून. तोंड समोर करू देल्लं नाही. म्हने, मायाच्यानं बाबूले झालं, पोराले नको. तीस वरसं, बेबी. एकाच्या गालाले हात लावला नाही त्या मानसानं."

मी सूप धरलं, तर मामीनं ओढून घेतलं.

"मले नको सांगू. मले सांगून तुयं पोट हलकं होते, दुसरं काय? तिथी सांग. सगळ्याइले सांग. चाल, मीबी येतो."

विहारात पन्नासएक माणसं होती. वंदना झाली, सुजातानं कपाटावरचा कपडा काढला. मी पुढे जाऊन सांगितलं. लांबवलं नाही. बाबूकाकांची कावीळ विहिरीच्या पाण्याची होती. मी मामांना वस्तऱ्याची सांगितली. खरं काय ते मला दोन आठवड्यांत कळलं, आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. मामांचा हात कापत नव्हता.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "त्या साली मायी बहीनबी पडली होती. ते खालची विहीर ना?"

"हो, खालची."

"पोरं तं सगळेच पडले होते," दुसरा म्हणाला. "आपल्या ध्यानात काहून नाही आलं?"

बाबूकाकांचा मुलगा पहिल्या रांगेत होता. तो माझ्याकडे न पाहता उठून बाहेर गेला.

मामी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "म्हंजे त्याइच्या हातात खोट नोती?"

"नव्हती, मामी."

"मोठ्यानं बोल. मांगच्याइले आयकू नाही गेलं."

मी मोठ्यानं बोलले.

सुजातानं माझ्याकडून डबा घेतला, उघडून ब्रश पाहिला, केस बोटांना लागले तसे पुसले. "बेबीताई, याले नवे केस...?"

"नको. असाच ठेव. कार्ड दे इकडे."

तिनं कार्ड दिलं. मी खिडकीच्या कट्ट्यावर वाकून चार ओळी लिहिल्या, पेन दोनदा अडलं, आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.